स्वेद आणि झोत : दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांच्या प्रकाशयोजनेचा इतिहास

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा हा प्रकार साहित्यविचाराच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याला संहिता असते, पण ती संहिता म्हणून कोणी वाचत नाही. त्याचा प्रयोग होतो, पण नाट्यसमीक्षक त्याकडे फिरकत नाहीत. ही उपेक्षा समजण्याजोगी असली तरी तिच्यामुळे सादरीकरणाच्या मीमांसेतील एक महत्त्वाचा प्रश्न अस्पर्शित राहिला आहे. प्रश्नमंजूषेत जे घडते ते मुळात दिसण्यासारखे नसते. माणसाला उत्तर आठवते किंवा आठवत नाही. ही घटना मनात घडते आणि तिला स्वतःचे असे बाह्य रूप नसते. नभोवाणीला याची अडचण नव्हती. १९४० साली अमेरिकन नभोवाणीवर सुरू झालेल्या ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ या कार्यक्रमात अखेरचे बक्षीस ६४ डॉलरांचे होते. श्रोत्याला प्रश्न ऐकू येई, थोडी शांतता ऐकू येई आणि मग उत्तर. शांततेत काय भरावयाचे ते श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर सोडलेले असे. दूरचित्रवाणीवर मात्र त्या शांततेच्या वेळीही पडद्यावर काहीतरी असावेच लागते. हे ‘काहीतरी’ पुरविण्याचे काम प्रामुख्याने प्रकाशाकडे आले. ते त्याने कसे पार पाडले आणि ते करताना कोणता दावा आपल्या अंगावर घेतला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

या कामी भरताचा अभिनयविचार उपयोगी पडतो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार नाट्यशास्त्राने सांगितले. आधुनिक नाट्यविचार प्रकाशयोजनेची गणना वेशभूषा व रंगभूषा यांच्याबरोबर आहार्यात करतो. ती बाहेरून आणलेली, प्रयोगाला जोडलेली गोष्ट होय. सात्त्विक भाव मात्र आतून येतात. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ भाव उमटतात शरीरावर, पण त्यांचे मूळ मनाच्या एकाग्रतेत असते, असे भरताचे प्रतिपादन आहे. ज्याला दुःख झालेले नाही त्याला रडण्याचा अभिनय साधणार कसा, हा त्याचा प्रश्न अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. परंतु याच भावाध्यायात स्वेदाची कारणे देताना त्याने क्रोध, भय, हर्ष, लज्जा यांच्या पंक्तीत श्रम आणि ताप यांनाही बसविले आहे. घाम भीतीने येतो तसा उकाड्यानेही येतो, ही गोष्ट शास्त्रकाराने लपविलेली नाही. स्वेदाचा अभिनय कसा करावा याविषयीच्या त्याच्या सूचनाही अगदी व्यावहारिक आहेत : पंखा हाती घ्यावा, घाम पुसावा, वाऱ्याची इच्छा व्यक्त करावी. प्रेक्षकाला कपाळावरचे थेंब दिसतात. ते मनातून आले की हवेतून, हे त्याला दिसत नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली फसवणूक नेमकी या फटीत घडली.

तिच्याकडे वळण्यापूर्वी झोताची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एका व्यक्तीला इतरांतून वेगळे काढणारा प्रखर प्रकाश रंगभूमीवर आला तो चुनखडीच्या दिव्याने. चुन्याच्या कांडीवर ज्वाला सोडून तिला तप्त करावयाचे आणि तिचा पांढरा उजेड नटावर टाकावयाचा, ही युक्ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ साली वापरली गेली. १८७६ साली बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात वागनरने प्रेक्षागार काळोखे केले. १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळले. या तीन घटनांनी आधुनिक प्रेक्षकाला घडविले असे म्हणता येईल : तो काळोखात बसतो, उजेडातल्या माणसाकडे पाहतो आणि आपण दिसत नाही याची त्याला खात्री असते. मराठीत ‘प्रकाशझोतात येणे’ हा वाक्प्रचार कीर्तीसाठी रूढ आहे. त्याच झोताचा पोलीस चौकीतील उपयोग मात्र या वाक्प्रचाराच्या बाहेर राहिला. प्रश्नमंजूषेला दोन्ही अर्थांची गरज होती.

७ जून १९५५ रोजी सी.बी.एस. या वाहिनीवर ‘द ६४,००० डॉलर क्वेश्चन’ हा कार्यक्रम सुरू झाला. लुई कोवन याने जुन्या नभोवाणी कार्यक्रमातील बक्षिसाची रक्कम सरळ हजारपट केली. पण रक्कम वाढली की संशयही वाढतो. ६४ डॉलरांसाठी कोणी लबाडी करील असे कोणाच्या मनात येत नाही. ६४,००० डॉलरांसाठी ते सहज येते. त्यामुळे निर्मात्यांनी विश्वासार्हतेचे एक मोठे नेपथ्यच उभारले. प्रश्न बँकेच्या तिजोरीतून येत. ते आणणारा बँकेचा अधिकारी मंचावर उभा असे आणि त्याच्या सोबतीला पहारेकरी असत. बक्षिसाची पायरी उंचावली की स्पर्धक काचेच्या एका बंद कक्षात जाई. बाहेरचा आवाज आत येऊ नये, कोणी खूण करू नये, हा त्या कक्षाचा जाहीर हेतू होता. त्याचे दृश्य परिणाम मात्र या हेतूच्या पलीकडचे होते. कृष्णधवल छायाचित्रणाला प्रखर प्रकाश लागेच. काचेच्या चौकटीत तो एका चेहऱ्यावर एकवटला की भोवतालचा मंच त्या मानाने मावळून जाई. पडद्यावर उरे तो केवळ विचार करणारा चेहरा. नौदलाच्या मरीन दलातील रिचर्ड मॅककचन हा अधिकारी सप्टेंबर १९५५ मध्ये पाककलेवरील प्रश्नांची उत्तरे देऊन पहिला ६४,००० डॉलरांचा विजेता ठरला. सैनिक आणि स्वयंपाक ही विसंगती प्रेक्षकांना रुचली खरी, पण त्यांनी डोळ्यांत साठविले ते उत्तर नव्हे, उत्तरापूर्वीचा क्षण.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. प्रकाशाचा सामान्य संकेत असा की जे उजळलेले आहे त्यात काही लपलेले नाही. काचेचा कक्ष आणि त्यातला उजेड यांनी या संकेताचा पुरेपूर लाभ उठविला. चारी बाजूंनी पारदर्शक, आतून उजळ, बाहेर पहारा : अशा ठिकाणी लबाडी असेल तरी कोठे? प्रेक्षकाची नजर जेथे शोध घेऊ शकत होती तेथे खरोखरच काही लपलेले नव्हते. जे लपलेले होते ते काही दिवस आधी, निर्मात्याच्या कार्यालयात, साध्या उजेडात उरकलेले असे.

एन.बी.सी. वाहिनीवर १२ सप्टेंबर १९५६ रोजी ‘ट्वेंटी-वन’ सुरू झाला तेव्हा तो प्रामाणिक होता, आणि त्यामुळेच पडला. स्पर्धकांना उत्तरे येत नव्हती, खेळ रंगत नव्हता, प्रायोजक संतापला. त्यानंतर निर्माता डॅन एनराइट याने खेळाची पूर्ण संहिता स्वतः रचावयास घेतली. या प्रकरणाकडे सामान्यतः नैतिक ऱ्हासाची कथा म्हणून पाहिले जाते. नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने ती दिग्दर्शनाची कथा आहे. हर्बर्ट स्टेंपेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा विद्यार्थी, सैन्यात नोकरी केलेला, विलक्षण स्मरणशक्तीचा. त्याला उत्तरे दिली गेलीच, शिवाय एक भूमिकाही दिली गेली. केस बारीक कापावयाचे, अंगाला न बसणारा जुना सूट घालावयाचा, सूत्रसंचालकाला अदबीने संबोधावयाचे. कक्षात घाम आला की तो पुसावयाचा नाही, रुमालाने हलकेच टिपावयाचा, हेदेखील त्याला शिकविले गेले. आणि घाम यावा याची तजवीज झाली होती : कक्षातील वातानुकूलन बंद ठेवले जाई. वर दिवे, भोवती काच, आत कोंडलेली हवा. भरताने नटाला घाम टिपण्याचा अभिनय सांगितला. एनराइटने नटाला अभिनयही सांगितला आणि खरा घामही पुरविला.

या घामाला खोटा म्हणता येत नाही, ही त्यातली खरी गुंतागुंत होय. तो ग्लिसरिनचा थेंब नव्हता. स्टेंपेलच्या शरीराने तो खरोखर निर्माण केला होता आणि कॅमेऱ्याने तो खरोखर टिपला होता. खोटी होती ती त्याची कारणमीमांसा. दिव्याच्या उष्णतेने आलेला स्वेद विचाराच्या श्रमाने आलेला म्हणून प्रेक्षकापुढे ठेवला गेला. आहार्याने निर्माण केलेले चिन्ह सात्त्विकाच्या नावावर खपविले गेले. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर येथे चिन्हक अस्सल होते आणि तरीही चिन्हन लबाडीचे होते. धूर दिसला म्हणून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला कोणी मुद्दाम ओले लाकूड पेटवून धूर दाखवावा, तसे हे नाही. येथे धूर दाखवून भलत्याच डोंगरावरचा अग्नी विकला गेला.

५ डिसेंबर १९५६ च्या भागात स्टेंपेलला हरावयास सांगण्यात आले. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, या प्रश्नावर त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे चुकीचे उत्तर दिले. बरोबर उत्तर ‘मार्टी’ हे होते. तो त्याचा आवडता चित्रपट होता आणि त्याने तो अनेकदा पाहिला होता. दुसऱ्या कक्षात चार्ल्स व्हॅन डोरेन बसला होता. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकविणारा हा तरुण अमेरिकेतील एका मान्यवर वाङ्मयीन घराण्यातला. वडील मार्क व्हॅन डोरेन यांना काव्यासाठी १९४० चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले. चुलते कार्ल यांना त्याच्या आदल्या वर्षी बेंजामिन फ्रँकलिनच्या चरित्रासाठी. या कार्यक्रमात त्याने १,२९,००० डॉलर जिंकले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला.

किनेस्कोप पद्धतीने टिकून राहिलेले हे भाग आज पाहताना जाणवते ते असे की दोन्ही कक्ष सारखे आहेत, दोन्हींतला उजेड सारखा आहे आणि दोघांच्याही कपाळावर घाम आहे. तरी प्रेक्षकांनी तो सारखा वाचला नाही. स्टेंपेलचा घाम घोकंपट्टीचा, हावेचा, काहीसा ओशाळवाणा वाटला. व्हॅन डोरेनचा घाम सुसंस्कृत बुद्धीच्या झुंजीचा वाटला. सात्त्विक भावाचा अर्थ त्याच्या स्थायी भावावरून ठरतो आणि येथे स्थायी भाव ठरविणारे सर्व घटक आहार्यात होते : सुटाची शिवण, केसांची ठेवण, घराण्याचे नाव. व्हॅन डोरेनलाही तालीम मिळालेली होती. कोठे थांबावयाचे, उत्तराचा कोणता भाग आधी द्यावयाचा, कोणता मागे ठेवून पुन्हा त्याकडे यावयाचे, हे त्याला शिकविले गेल्याचे त्याने २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितले. साहित्याच्या अध्यापकाने विरामाचे मोल जाणावे हे स्वाभाविक आहे. पण आपल्या वर्गात जे तो कवितेच्या ओळींविषयी शिकवीत असेल तेच कक्षात त्याला विक्रीसाठी वापरावे लागले, ही या प्रकरणाची सर्वांत बोचरी बाजू आहे आणि मराठी विभागांत शिकविणाऱ्यांनाही ती परकी वाटण्याचे कारण नाही. विद्वत्तेला दृश्य रूप दिल्याशिवाय समाज तिची दखल घेत नाही, हा मोह केवळ अमेरिकन नाही. व्हॅन डोरेनला विद्यापीठातील पद सोडावे लागले. अर्धशतकानंतर, २००८ साली, ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याने या साऱ्याविषयी प्रथमच सविस्तर लिहिले.

१९६० साली अमेरिकेत कायद्याने अशा स्पर्धांतील बनावाला गुन्हा ठरविले. मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषा तोवर पडद्यावरून गेल्याच होत्या, आणि त्यांच्याबरोबर बंद कक्ष, तो काळोख आणि ते एकवटलेले झोतही गेले. त्यानंतरच्या काळात मंच सर्वत्र सारखा उजळू लागला. ३० मार्च १९६४ रोजी सुरू झालेला ‘जेपर्डी’ हा कार्यक्रम उत्तरे आधी देतो आणि स्पर्धकाकडून प्रश्न मागतो. ही कल्पना निर्माता मर्व्ह ग्रिफिन याच्या पत्नीला सुचली ती मागील घोटाळ्यांच्या संदर्भातच. उत्तरे दिल्याचा आरोप ज्या प्रकारावर झाला त्याने उत्तरे जाहीरपणे देऊन टाकावीत, यातला उपरोध दाद देण्यासारखा आहे. १९७२ पासूनच्या ‘द प्राइस इज राइट’मध्ये प्रकाशाचे नाते चौकशीशी उरले नाही, ते जत्रेशी जुळले. चमचमणारी चौकट, सारखे लखलखणारे दिवे. साक्षीदाराचे काम प्रकाशाने सोडून दिले होते.

तथापि या उघड्या उजेडातही दोन प्रसंग असे आहेत की ज्यांकडे अभ्यासकांनी थांबून पाहावे. ‘जेपर्डी’त १९८५ पासून नियम बदलला : प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत स्पर्धकाने कळ दाबावयाची नाही. केव्हा दाबावयाची ते कळावे म्हणून फलकाच्या कडेला छोटे दिवे बसविले गेले. ते स्पर्धकाला दिसतात. घरच्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. घाई केली तर कळ क्षणभर बंद पडते. ज्या खेळाला प्रेक्षक ज्ञानाची शर्यत समजतो त्यात न दिसणाऱ्या एका दिव्याची अशी निर्णायक भूमिका आहे.

दुसरा प्रसंग १९८४ चा. सी.बी.एस.वरील ‘प्रेस युअर लक’ या खेळात १८ चौकोनांचा एक मोठा फलक असे; त्यावरून प्रकाश उड्या मारीत फिरे आणि स्पर्धकाने कळ दाबली की थांबे. कोठे पैसे, कोठे नवी संधी, तर कोठे सर्व जिंकलेले हिरावून नेणारा एक चित्रातला प्राणी. हा प्रकाश म्हणजे दैव, अशी सर्वांची समजूत होती. ओहायो राज्यातील मायकेल लार्सन याने घरी चित्रफितींवर कार्यक्रम मुद्रित करून, एकेक चौकट थांबवून पाहिली आणि त्याच्या ध्यानात आले की हे दैव पाचच ठरावीक क्रमांनी फिरते. ते क्रम त्याने पाठ केले. चित्रीकरणाच्या वेळी त्याने चाळीसहून अधिक वेळा सलग, एकदाही न फसता, कळ दाबली आणि १,१०,२३७ डॉलर मिळविले. वाहिनीने चौकशी केली. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता, त्यामुळे रक्कम द्यावी लागली. पुढे फलकाचे क्रम वाढविण्यात आले. लार्सन हा या इतिहासातला खरा वाचक होय. इतर सर्वांनी प्रकाशाचा परिणाम अनुभवला, त्याने प्रकाशाचे व्याकरण पाहिले. रूपवादी समीक्षेला याहून निष्ठावान अनुयायी सापडणे कठीण. यातही पुन्हा लक्षणीय ते हे की त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मधूनमधून चुकीच्या क्षणी दिसतो. प्रकाश थांबण्यापूर्वीच तो ओळखीचे हसतो. भाव विभावाच्या आधी आला की प्रेक्षक अस्वस्थ होतो. सूत्रसंचालकही झालेला दिसतो.

अमेरिकेत प्रकाश जत्रेकडे वळला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये तो चौकशीकडे परतला. ११ सप्टेंबर १९७२ रोजी बी.बी.सी.वर ‘मास्टरमाइंड’ सुरू झाला. त्याची मांडणी विलक्षण काटकसरीची होती : काळोख, काळ्या कातड्याची एक खुर्ची, तिच्यावर एक झोत. कल्पना बिल राइट या निर्मात्याची. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात होता, जर्मनांच्या हाती सापडला होता आणि गेस्टापोच्या चौकशीला त्याने तोंड दिले होते. युद्धकैद्याने नाव, हुद्दा आणि क्रमांक एवढेच सांगावयाचे असते. राइटने त्याजागी नाव, व्यवसाय आणि अभ्यासाचा विषय अशी त्रयी आणली. दोन मिनिटे प्रश्नांचा मारा, येत नसेल तर ‘पास’. प्रश्न चालू असता कॅमेरा संथपणे चेहऱ्याजवळ सरकत जाई. कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत ‘अप्रोचिंग मेनस’ या नावाचे होते, म्हणजे संकट जवळ येत असल्याचे त्यात सूचन होते.

या मांडणीचे वेगळेपण असे की ती प्रामाणिकपणाचा दावाच करीत नाही. पहारेकरी नाहीत, तिजोरी नाही, काच नाही. बक्षीसही पैशांचे नाही. विजेत्याला मिळे ते काचेचे एक पात्र. त्यामुळे प्रकाशावर साक्षीचा भार पडत नाही आणि त्याला काही सिद्ध करावयाचे नसल्यामुळेच तो विश्वासार्ह वाटतो. १९८० साली लंडनचा टॅक्सीचालक फ्रेड हाउसगो विजेता ठरला, तेव्हा खुर्चीवरच्या त्या उजेडाने त्याला आणि विद्यापीठीय विद्वानांना एकाच मापाने मोजले होते. १९५६ च्या दोन कक्षांशी ताडून पाहता हा फरक लहान नाही.

सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नसन हा जन्माने आइसलंडचा आणि तेथील सागा वाङ्मयाचा भाषांतरकार होता. ‘न्याल सागा’चे हेरमान पाल्सनसह त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १९६० साली प्रसिद्ध झाले. सागांचा निवेदक पात्राच्या मनात शिरत नाही. पात्र काय बोलले आणि त्याने काय केले एवढेच तो सांगतो. चेहऱ्याचा रंग बदलला तर तेवढे नोंदवितो आणि पुढे जातो. ‘मास्टरमाइंड’चा झोत असाच वागतो. हा योगायोग असेल, तरी तो अर्थपूर्ण आहे. येथे स्वेदही दिसतो, पण त्याच्यावर भाष्य होत नाही. स्पर्धक चुकला तर बरोबर उत्तर सांगितले जाते आणि पुढचा प्रश्न येतो.

दृश्यमानता आणि सत्ता यांचे नाते मिशेल फूको याने १९७५ साली तुरुंगाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात मांडले. उजेडात ठेवलेला बंदी आणि काळोखातला न दिसणारा पाहणारा, हे त्याचे प्रतिमान ‘मास्टरमाइंड’ला चपखल बसते असे वाटू लागते. ते सावधगिरीनेच वापरावयास हवे. बंद्याने आपली कोठडी निवडलेली नसते. येथे माणसे अर्ज करतात, निवडीच्या फेऱ्या पार करतात, महिनोन् महिने अभ्यास करून त्या खुर्चीवर येऊन बसतात. चौकशीचे रूप उसने घेऊन तिच्यातली सक्ती वगळली की जे उरते त्याला दुसरे नाव शोधावे लागेल. आपल्या परंपरेत त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दिव्य. अग्नीत हात घालून स्वतःच्या खरेपणाची परीक्षा देण्यास स्वतःहून पुढे येणारा माणूस आणि भोवती जमलेला गाव.

४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनच्या आय.टी.व्ही. वाहिनीवर ‘हू वाँट्स टु बी अ मिल्यनेअर?’ सुरू झाला आणि मोठी रक्कम, काळोख व झोत हे तिघे पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात दिव्यांच्या तंत्रात मूलभूत बदल झाला होता. दूरवरून नियंत्रित होणारा, स्वतः वळणारा आणि रंग बदलणारा ‘व्हॅरी-लाइट’ हा दिवा प्रथम १९८१ साली बार्सिलोना येथे जेनेसिस या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात वापरला गेला होता. रॉक संगीताच्या मैफलीतून तो प्रश्नमंजूषेत आला. अँडी वॉम्स्ली याने रचलेल्या वर्तुळाकार रिंगणात, ब्रायन पीअर्सच्या प्रकाशयोजनेनुसार, प्रश्नाची पातळी वाढली की वरचे झोत एकत्र झुकून मध्यभागी उतरत. त्याच वेळी संगीत अर्ध्या स्वराने वर चढे.

यापूर्वीचा प्रकाश स्थिर होता, म्हणून तो फार तर साक्षीदार होऊ शके. आता प्रकाशाला काळ मिळाला, क्रम मिळाला, चढउतार मिळाले. त्याला निवेदकाची भूमिका आली असे म्हणावे लागते. या खेळात आरंभी उत्तराला वेळेचे बंधन नव्हते; स्पर्धक कितीही वेळ विचार करू शके. तो विचार करीत असताना पडद्यावर काय घडते? दिवे घडतात. त्याच्या मनातील घालमेल शरीरावर उमटो अथवा न उमटो, ती मंचावर उमटतेच. निबर चेहऱ्याचा स्पर्धकही तेथे भयभीत भासू शकतो, कारण भय भोवतालच्या निळ्या काळोखाने आधीच सांगून टाकलेले असते. एनराइटला घाम आणण्यासाठी कक्षातील हवा कोंडावी लागली; येथे घामाचीच गरज उरली नाही. आहार्याने सात्त्विकाची नक्कल करण्याऐवजी त्याची जागाच घेतली. नैतिक दृष्ट्या हा निर्दोष मार्ग आहे, कारण कोणी फसविले जात नाही. अभिनयविचाराच्या दृष्टीने मात्र यात स्पर्धकाचे शरीर अनावश्यक ठरण्याची सुरुवात आहे, आणि ही किंमत थोडी म्हणता येत नाही.

या व्यवस्थेलाही भेद गेला, तो कानाच्या वाटेने. सप्टेंबर २००१ मध्ये चार्ल्स इंग्रॅम या लष्करी अधिकाऱ्याने दहा लाख पौंड जिंकले. प्रतीक्षेत बसलेल्या स्पर्धकांपैकी एकाच्या खोकल्याचा इशारा त्याला मिळत होता असा आरोप झाला आणि २००३ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. सारे दिवे त्याच्या चेहऱ्यावर होते. खोकला रिंगणाच्या कडेकडून आला, जेथे कोणी पाहत नव्हते.

भारतात ही परंपरा पोचली ती आधी उजळ मंचाच्या रूपाने. दूरदर्शनवर १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला. त्याचे वातावरण महाविद्यालयीन सभागृहाचे होते. त्याच बसू यांनी १९९८ पासून ‘मास्टरमाइंड इंडिया’त काळी खुर्ची आणली आणि ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ची निर्मितीही त्यांच्याच संस्थेने केली. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाचा परवाना घेताना मंच, संगीत आणि प्रकाश जसेच्या तसे ठेवण्याचे बंधन असे. भाषांतराच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावयास हवी : प्रश्न भाषांतरित होतात, झोत होत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला करोडपती झाला तेव्हा त्याच्यावर उतरलेले झोत लंडनच्या मंचावरून उचललेल्या आराखड्याचेच होते. २०१३ साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले, आणि २०१९ साली ‘कोण होणार करोडपती’ची सूत्रे कवी व दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याकडे आली. भाषा घरची झाली, बोलण्यातला ओलावा घरचा झाला. काळोख मात्र परवान्यातलाच राहिला. खेडेकर व मंजुळे यांच्या बोलण्याची लय त्या दिव्यांच्या लयीशी जागोजाग फटकून राहते, आणि मराठी प्रयोगाचे जे काही स्वत्व आहे ते या फटकून राहण्यातच शोधावे लागते.

विकास स्वरूप यांच्या २००५ च्या ‘क्यू अँड ए’ या कादंबरीवरून निघालेल्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ (२००८) या चित्रपटाने बिल राइटने झाकलेले मूळ पुन्हा उघड केले. त्यात झोपडपट्टीतला मुलगा एका रात्री स्टुडिओच्या झोतात असतो आणि दुसऱ्या प्रहरी पोलिसांच्या दिव्याखाली. दोन्हीकडे प्रश्न एकच : तुला हे कसे माहीत? व्हॅन डोरेनला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याचे आडनाव हेच त्याचे उत्तर होते.

२०२० च्या सप्टेंबरात ‘कौन बनेगा करोडपती’चे बारावे पर्व सुरू झाले ते महासाथीच्या निर्बंधांत. स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. त्यामुळे प्रेक्षकांचा कौल घेण्याची सोय काढून टाकून तिच्या जागी मित्राशी चित्रसंवाद साधण्याची सोय आली. रिंगणाभोवतीचा काळोख पहिल्यांदाच खरोखर रिकामा होता. प्रत्येक प्रश्नाला झोत मात्र पूर्वीसारखेच खाली उतरत राहिले.